ओल्या पोत्याचा वास

माझ्या बायकोनं आयुष्यात वाइनचा एक घोटही घेतलेला नाही, आणि ती घेणारही नाही. संकष्टी, एकादशी, गुरुवार, असा तिचा कसला ना कसला उपास चालूच असतो. पण मी शेडवरून आणलेला पेला ती नुसता नाकाखाली धरते आणि तिला जे कळतं, ते मला वीस वर्षं हाच धंदा करूनही कळलेलं नसतं. आज हे लिहायला मला फारसं काही वाटत नाही. काही वर्षांपूर्वी मात्र हे कबूल करण्यापेक्षा मी हात कापून दिला असता.

मी वाइन करतो, भोपाळमध्ये. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "मतलब, घरी?" उमेदीची वर्षं मी नाशिककडे दुसऱ्यांच्या टाक्या सांभाळण्यात घालवली. वडील थकले तेव्हा परत आलो आणि कोलार रोडच्या वसाहती जिथं संपतात त्याच्याही पुढं एक शेड घेतली. आमच्याकडे द्राक्षं नाहीत, जांभळं आहेत, म्हणून मी जांभळाची वाइन करतो. आमच्या मराठी मंडळींत, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना, माझी ओळख अजूनही "तो दारू गाळतो ना, तो" अशीच करून दिली जाते. चार इमलीतल्या सरकारी बंगल्यांतल्या साहेबांच्या घरून अधूनमधून बाटलीची विचारणा होते. तीही अशी, की मागणाऱ्यांनाच आपण काही चोरून करतोय असं वाटावं.

नाशिकवाल्यांचा मला हेवा वाटतो, आणि तो मी लपवत नाही. त्यांच्या बागा बघायला माणसं गाड्या करून जातात, पायऱ्यांवर बसून फोटो काढतात, पेला हातात धरून जाणकारासारखी मान हलवतात. माझ्या शेडवर येतो तो फक्त पाण्याचा टँकर. पण हा हेवा चारचौघांत चहाबरोबर बोलून दाखवता येतो, लोकही हो ला हो म्हणतात. बायकोच्या नाकाचा हेवा कुणाला सांगणार?

ती वाढली टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. भोपाळ नवी राजधानी झाली तेव्हा तिचे आजोबा नागपूरहून कचेरीबरोबर इकडे आले, आणि त्यांची बोली त्या घरात अजून तशीच आहे. लहानपणापासून दूध नासायला आलंय का, तूप कढलं का, हे बघायला घरचे हिलाच पुढं करत. ती सरकारी शाळेत भूगोल शिकवते. मी घरी आलो की माझ्या शर्टाच्या वासावरून आज कुठली टाकी उघडली होती, ते ती सांगायची. सुरुवातीला मला याची मजा वाटायची.

मजा कधी संपली तेही मला नक्की आठवतं. पहिल्या वर्षीचा एक नमुना मी सहज तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "अहो, ह्याच्यात न पेटवलेली माचिस येऊन राहिली." वाइन टिकावी म्हणून आम्ही थोडं गंधकाचं मीठ घालतो. ते जास्त झालं की नेमका तसाच वास येतो. मी म्हणालो, "तो सगळ्यांनाच येतो." मला तो आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी शेडवर मोजून पाहिलं, तर खरंच जास्त पडलं होतं.

नाशिकचा माझा एक जुना सोबती आहे. आम्ही दोघं एकाच कारखान्यात एकाच वेळी शिकलो. आता तो टाक्यांशी झटत नाही, नुसता चव घेतो. मोठमोठ्या हॉटेलांसाठी कुठली बाटली घ्यायची, ते तो ठरवतो. एकदा तो आमच्याकडे उतरला असताना त्यानं गंमत म्हणून एकाच बाटलीतून थोड्या-थोड्या वेळानं पाच पेले भरले आणि तिच्यापुढं मांडले. तिनं पाचही हुंगले आणि आधी कुठला भरलेला, नंतर कुठला, अशा क्रमानं एका रांगेत लावून ठेवले. एकही चुकला नाही. सोबती म्हणाला, "वहिनी, तुम्ही नाशिकला आला असता तर आम्ही सगळे घरी बसलो असतो." त्यावर सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी सरळ बोललो नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. मीठ अगदी बरोबर होतं.

माणूस नाकानं कांदे सोलायला लागला की त्याला भान राहत नाही. मी तिला पेले दाखवणं कमी केलं. दाखवलाच तर आधी माझं मत सांगून मोकळा व्हायचो, म्हणजे तिच्याकडे बोलण्यासारखं काही उरू नये. ती "हो का" म्हणून पेला परत द्यायची. कधी माझं मत चुकीचं असलं तर तेवढ्या "हो का"मधूनही मला ते कळायचं, आणि मग जास्तच राग यायचा.

त्यातच ते ओल्या पोत्याचं वर्ष आलं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. वाइनच्या आसपास ब्लीचिंग पावडर फिरकू द्यायची नाही. ब्लीचिंगमधलं क्लोरीन आणि लाकडावरची बुरशी एकत्र आली की त्यातून एक वास तयार होतो. तो हवेतून पिंपात शिरतो, पिंपातून वाइनमध्ये, आणि मग काही केल्या निघत नाही. हा नियम मी स्वतः शेडच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवलाय. कामावरच्या दोघी बायकांना येता-जाता ऐकवलाय. आणि त्या पावसाळ्यात दाराबाहेरची नाली तुंबली, घाण वास सुटला, तेव्हा मीच माझ्या हातानं तिच्यावर ब्लीचिंग टाकली. नाली तर बाहेर आहे, असं मी मनाशी म्हटलं. नालीवर ये-जा करायला टाकलेल्या फळ्या काळ्या-हिरव्या पडल्या होत्या, त्यांच्यावरही पावडर पडली. पुढच्या जोराच्या सरीला त्याच फळ्या आम्ही उचलून आत घेतल्या आणि पिंपांशेजारी रचल्या, वर गोणपाटं टाकली.

ऑक्टोबरात मी एक पेला घरी नेला. वाइन उत्तम होती, निदान मला तरी उत्तम वाटत होती, आणि ते तिच्या तोंडून ऐकायला मी उतावीळ झालो होतो. तिनं पेला नाकाजवळ नेला आणि लगेच लांब केला.

"माळ्यावरच्या ओल्या पोत्याचा वास येऊन राहिला."

मी हुंगलं. काहीच नाही. परत हुंगलं. जांभूळ, थोडी लवंग, बस्स.

"तुझं आपलं काहीतरीच."

"नाही हो, आहे. फार नाही, पण आहे. तुम्हाला राग येऊन राहिला, पण सांगू नको का?"

"तू शाळेत भूगोल शिकव," मी म्हणालो.

ती "बरं" म्हणाली आणि पेला ओट्यावर ठेवून कणीक मळायला लागली. या वासाची खोड अशी की तो आधी हुंगणाऱ्याचं नाक बधिर करतो, आणि जो रोज त्याच हवेत वावरतो त्याला तो येतच नाही. हे मला ठाऊक होतं. नाशिकला असताना नव्या पोरांना मी हेच शिकवत होतो. तरी माझ्या मनात आलं ते एवढंच, की ही आता मला माझ्याच धंद्यात अक्कल शिकवणार.

मी वाइन बाटल्यांत भरली, लेबलं लावली. डिसेंबरात सोबती आला, तो खास माझी बाटली बघायलाच. त्याच्या हॉटेलांत टेबलावर भोपाळची वाइन लागावी, ही माझी परत आल्यापासूनची इच्छा होती, आणि ती त्याला ठाऊक होती. आमच्याच जेवणाच्या टेबलावर मी बाटली उघडली. त्यानं हुंगलं आणि पेला दोन बोटांनी पुढं सरकवला. दुसरी उघडायची खूण केली. दुसरीही हुंगली.

"ओलं पोतं रे," तो म्हणाला. "कुठं ब्लीचिंग टाकलंस?"

त्याच वेळी बायको पोह्यांच्या बश्या घेऊन आली होती. तिनं ऐकलं. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सोबत्याच्या पुढ्यात बशी ठेवून तिनं विचारलं, "लिंबू देऊ?" तिनं "मी सांगितलं होतं" असं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, आणि मग मोकळा झालो असतो. ते तिनं कधीच म्हटलं नाही. अजूनही नाही.

ती सगळी वाइन मी नालीत ओतली. पिंपं मोडीत काढली, फळ्या जाळल्या. महिनाभर मी नीट जेवलो नाही. लोकांना वाटलं, माल गेला म्हणून. माल गेला होताच, पण मला खात होतं ते वेगळंच. तिला जे एका श्वासात कळलं, ते मला पूर्ण हंगामभर त्याच शेडमध्ये उभं राहून कळलं नव्हतं. मग मी नक्की कोण? बारदान उचलणारा?

पुढच्या जूनमध्ये तिला ताप आला. साधाच, तीन दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा ती ओट्यापाशी हिंगाची डबी उघडून उभी होती. नाक डबीच्या तोंडाशीच लावलं होतं.

"काहीच नाही येऊन राहिलं," ती म्हणाली. "हिंग आहे ना हा? मला तर रांगोळीची डबी वाटून राहिली."

मला आनंद झाला. हे मी गुळमुळीत करून सांगू शकलो असतो, धक्का बसला, वाईट वाटलं वगैरे. तेही वाटलं, पण नंतर. आधी छातीत काहीतरी सैल झालं आणि मला बरं वाटलं. बायकोचं नाक गेलं आणि मला बरं वाटलं. मग मी तिला आल्याचा चहा करून दिला, डॉक्टरकडे नेलं, वाफारा घ्यायला लावला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही. रस्त्यात ती म्हणाली, "तुमच्या वाइनचं कसं होईल हो आता?" ते तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. ती खरंच काळजीत होती.

आठ-दहा दिवसांत जांभळं आली. त्या हंगामात मी राबलो तसा कधीच राबलो नव्हतो. जांभळाच्या बीनं फार त्रास होतो. गर काढताना ती जरा ठेचली गेली की वाइनला कडसर तुरटपणा येतो, आणि जपून काढावं तर वाइन पातळ होते. मी दोन टाक्या वेगळ्या केल्या. एकीत हलक्या हातानं काढलेला रस, सुगंधी पण अंगानं बारीक. दुसरीत जरा दाबून काढलेला, भरीव पण कडसर. दोन्ही किती-किती मिसळायचे, यावर सगळं अवलंबून होतं. आणि विचारायला कुणी नव्हतं.

ती रविवारी डबा घेऊन शेडवर यायची, पूर्वीसारखीच. पेला पुढं केला तर हुंगून हसायची, "पाणी आहे." दोन घटका इकडेतिकडे काहीबाही आवरत बसायची. एकदा म्हणाली, "ऊन पडलंय चांगलं, ती गोणपाटं बाहेर टाका वाळत." मी टाकली. एकदा टाकीला लावायची रबरी नळी तिनं कचऱ्यात टाकून दिली. "फाटली होती," म्हणाली, "नवी आणा." मी नवी आणली. जुनी कचऱ्यात वरच पडली होती, म्हणून हातात घेऊन पाहिली. फाटलेलं काही दिसलं नाही. असेल कुठं बारीक, म्हणून मी परत टाकून दिली.

दोन्ही टाक्यांची मिसळ मी तीन दिवस करत बसलो होतो, दिवसा शेडवर आणि रात्री पेले नेऊन घरी. नाक थकलं की आमच्या धंद्यातले लोक स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेतात. आपल्याच कातडीचा वास घेतला की नाक परत ताळ्यावर येतं. त्या तीन दिवसांत मी स्वतःला इतक्या वेळा हुंगलं की कामावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शेवटी कडसर टाकीतला फक्त थोडासा भाग घ्यायचं ठरवलं. हा निर्णय माझा होता.

थंडीत सोबती परत आला. मी बाटली उघडली आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवून खिडकीबाहेर बघत बसलो. मागं वळून पाहिलं तर तो पीत होता. चव घेणारी माणसं तोंडात घोळवून थुंकतात. हा गिळत होता.

"हे कुणी मिसळलं? वहिनींनी?"

"तिचं नाक गेलंय जूनपासून," मी म्हणालो. बायको तिथंच उभी होती. माझा सूर कसा होता ते मला आठवतं, आणि आठवलं की कान गरम होतात. बाजारात जुना हिशेब चुकता केल्यावर माणूस ज्या सुरात बोलतो, तसा.

ती हसली. "हो ना भाऊजी, मला तर आता सगळं सारखंच. हे एकट्यानंच केलंय ह्यांनी."

त्या वर्षी माझी वाइन सोबत्याच्या टेबलावर लागली. नाशिकच्या द्राक्षांशेजारी भोपाळचं जांभूळ. त्यानं फोटो पाठवला. मी तो इतक्यांदा पाहिला की बायको म्हणाली, फोन झिजेल. तो सगळा महिना मी फार चांगला नवरा होतो. तिच्यासाठी न सांगता भाजी आणली, तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाऊन शेवटपर्यंत बसलो. हेवा सुटला की माणूस किती सज्जन होतो, याचं मला आश्चर्य वाटायचं.

फेब्रुवारीत एका सकाळी मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो आणि ती पलीकडे गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. वर न बघता ती म्हणाली, "अहो, खालच्या काकूंचं दूध लागून राहिलं, जरा सांगून या ना."

मी उठलो. दोन पायऱ्या उतरलो आणि थांबलो.

मला काहीच वास आलेला नव्हता. खालच्या दाराशी पोचलो तेव्हा कुठं आला, अगदी बारीक, आणि मी घंटी वाजवली. काकू म्हणाल्या, "अरे बाप रे, तुम्हाला वरून कळलं?" मी हो म्हणालो.

परत वर यायला मी बराच वेळ लावला. जिन्यातच उभं राहून मला ती नळी आठवली. ती फाटलेली नव्हती, तिला वास मारत असणार. आणि ती गोणपाटं, ऊन पडलंय म्हणून वाळत टाकायला लावलेली. म्हणजे जुलै-ऑगस्टातच तिचं नाक परत आलं होतं. रविवारी डबा घेऊन यायची, पेला हुंगून "पाणी आहे" म्हणायची, आणि माझी पाठ फिरली की शेडभर फिरून जे-जे माझी वाइन बिघडवू शकेल ते काढून टाकायची. मिसळ तेवढी तिनं माझ्यावर सोडली. की तीही नव्हती सोडली? त्या तीन दिवसांत मी घरी नेलेल्या पेल्यांवर ती काही बोलली होती का, कुठला उचलून आधी धुवायला टाकला होता का, हे मी आता कितीही आठवलं तरी मला सांगता येत नाही.

मी वर गेलो. ती शेंगा सोलत होती. तिचे हात जरा हळू चालले होते. मी काय विचारतो याची ती वाट बघत होती, असं मला वाटलं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, हे मला ठाऊक आहे. मी वर्तमानपत्र उचललं आणि म्हणालो, "सांगितलं काकूंना." ती म्हणाली, "बरं झालं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इतकं समजल्यावर माणसानं तिच्यापुढं हात जोडायला हवे होते. माझ्या मनात आधी राग आला, की हिनं माझी दया केली. मग वाटलं, मला तिच्यासारखं नाक मिळालं असतं तर मी ते कुणासाठी सहा महिने झाकून ठेवलं असतं का? एक दिवसही नाही. म्हणजे हेवा करायला आता आणखी एक गोष्ट झाली.

गेल्या आठवड्यात मी नव्या पिंपातला पेला घरी आणला. मला तो बरा वाटत होता. नेहमीसारखा तिच्यापुढं धरला.

"काही येतंय?"

"नाही हो. तुम्हीच सांगा."

मी सांगायला लागलो, जांभूळ, लवंग, जरासं ओलं लाकूड. सांगताना मी पेल्याकडे बघत नव्हतो. तिच्या नाकाकडे बघत होतो. डावी नाकपुडी एकदाच, अगदी जराशी आखडली. मग ती हसली आणि पेला मला परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर जाऊन मी ते पिंप बाजूला काढलं. मला स्वतःला त्यात अजूनही काही येत नाही.